दोन टोकांची होडी

मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या जुन्या लाकडी होड्यांना पाठ नसते. पुढची नाळ वर उचललेली, आणि मागची बाजूही तशीच निमुळती होत एका उभ्या लाकडात संपलेली. एका अंगाला आडव्या काठ्यांवर बांधलेली उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं तरंगतं लाकूड. लाटेत शिरताना अशी होडी पुढून पाणी फाडते, आणि मासळी घेऊन परतताना मागून येणाऱ्या लाटेलाही दुभंगून वाट देते. मागची बाजू सपाट असती तर तीच लाट तिच्यावर आदळून होडी आडवी फिरवायला बघते, आणि किनाऱ्यालगतच्या फुटत्या पाण्यात आडवी झालेली होडी उलटायला वेळ लागत नाही. हा आकार कुणी कागदावर काढलेला नाही. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांच्या बांधणीवर मोठा प्रबंध लिहिला, पण त्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून हा आकार एका सुताराच्या हातातून दुसऱ्याच्या हातात येत होता.

आऊटबोर्ड इंजिन वेगळ्याच पाण्यावर जन्मलं. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकीत दीड अश्वशक्तीचं, अठ्ठावीस किलोंचं इंजिन विकायला काढलं. ते तळ्यातल्या वल्ह्यांच्या बोटींसाठी होतं आणि त्या बोटींची मागची बाजू सपाट फळीची असे. फळीवर वरून अडकवायचं, दोन स्क्रू आवळायचे, की इंजिन बसलं. त्यानंतर शंभर वर्षांत इंजिनाच्या पोटातलं जवळजवळ सगळं बदललं, छोट्या इंजिनांची पकड मात्र तीच राहिली. तिला उभी, सपाट, दीड-दोन इंच जाडीची फळी लागते. दोन टोकांच्या होडीत अशी फळी कुठेच नसते. या दोहोंच्या मधे काहीतरी बसवावं लागतं, त्याला कारखान्यात आणि बंदरावर दोन्हीकडे ब्रॅकेटच म्हणतात. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या डोक्यात दुसरं फारसं काही नाही.

मी चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काम करते आणि मोशीला राहते. आजोळ मालवण तालुक्यातलं. मामांची होडी आता मामेभाऊ चालवतो, त्याला मी दादा म्हणते. होडीचा तळ आंब्याच्या लाकडाचा आहे, वरच्या फळ्या कधीतरी बदललेल्या, खिळे तांब्याचे. मामांनी ती वल्ह्यांवर आणि शिडावर चालवली. दादाला वल्ही मारायला माणसं मिळत नाहीत. गावातली तरुण मुलं पर्यटकांना स्नॉर्कलिंगला नेतात, नाहीतर घाट चढून आमच्याकडे भोसरी-चाकणला येतात. त्यातली काही माझ्याच कंपनीच्या लाइनवर उभी आहेत. त्यांना मी दोष देत नाही, मीही तशीच वर आले. पण होडीत तीन माणसांच्या जागी एक उरला की त्याच्या हाती इंजिन द्यावंच लागतं.

इंजिन लावण्याचा अर्थ दादाला पुरता ठाऊक होता. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या बंदीतून इंजिन नसलेल्या पारंपरिक होड्यांना सूट आहे, आणि मागे एकदा इंजिन लागलं की ती सूट संपते. म्हणजे लोखंडाच्या एका तुकड्यानं होडीची सरकारी जात बदलते. त्यानं ते मान्य केलं होतं. पावसाच्या दर्यात एकट्यानं जाण्याचे दिवस तसेही सरले होते. सुमारे दहा अश्वशक्तीचं इंजिन घेऊन झालं, घरच्या ओटीवर येऊन पडलं, आणि मग त्यानं मला फोन केला. अट एकच होती. "होडी कापूची नाय, बाय. बाकी तुका काय व्हया ता कर."

ही अट साधी नव्हती, कारण कापणं हाच सोपा उपाय आहे. मागचं टोक हात-दीड हात आत करवतायचं, उघड्या पडलेल्या तोंडावर जाड फळी बसवायची, की सपाट पाठ तयार. बऱ्याच होड्यांचं तसं झालंय आणि त्या चालताहेत. नव्या होडीला मी कदाचित हेच सुचवलं असतं. पण जुन्या होडीच्या दोन्ही अंगांच्या फळ्या वाकवून त्या उभ्या लाकडात अडकवलेल्या असतात आणि वर्षानुवर्षं त्या ताणातच राहिलेल्या असतात. ते लाकूड काढलं की फळ्या मोकळ्या होतात, सांधे हलतात, आणि पाणी कुठून येऊ लागेल ते सुतारही छातीठोक सांगत नाही. शिवाय मागून येणाऱ्या लाटेला वाट देणारा आकार गेला तो गेलाच.

होडी बदलायची की इंजिनाला जुळवून घ्यायला लावायचं, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर आधीही येऊन गेलाय. १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रांचा करार होऊन केरळात नींदकरा इथं मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा प्रकल्प सुरू झाला. तिथल्या होड्यांत इंजिन बसवण्याचे प्रयत्न फारसे जमले नाहीत आणि नव्या आराखड्याच्या बोटी बांधल्या गेल्या. पुढे १९८० च्या दशकात आऊटबोर्ड इंजिनं स्वस्तात मिळू लागली तेव्हा त्याच केरळात इंजिन उलट जुन्या होडीकडे आलं, आणि हजारो होड्या मालकांच्या हातात राहिल्या. मला या दुसऱ्या वाटेबद्दल आस्था आहे. नवी बोट घ्यायला कर्ज लागतं, कर्ज फेडायला जास्त मासळी लागते, जास्त मासळी मिळवायला लांब जावं लागतं. जुन्या होडीला छोटं इंजिन लावणाऱ्याला या साखळीत शिरावं लागत नाही.

न कापता बसवायचं तर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाजूला लटकवणं. होडीच्या दोन्ही काठांवर आडवं जाड लाकूड बांधायचं, एका अंगाला बाहेर काढायचं आणि त्यावर फळी ठोकून इंजिन अडकवायचं. साहजिकच लोक ते उलांडीच्या विरुद्ध अंगाला बसवतात, कारण तिकडे जागा मोकळी असते. इथं एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. उलांडी पाण्यातून ओढली जाते तेव्हा होडीला आपल्या बाजूला वळवत राहते. ती डावीकडे असेल तर होडी डावीकडे वळायला बघते. इंजिन उजवीकडे लावलं तर त्याचा रेटाही होडीला डावीकडेच वळवतो. दोन्ही एकाच दिशेनं. मग चालवणाऱ्याला पूर्ण वाटभर हँडल एका बाजूला दाबून धरावं लागतं, हात भरून येतो आणि इंधन जास्त जळतं. वर होडी एका अंगाला कलली की पंखा पाण्याबाहेर येऊन हवेतच गरगरतो.

तयार ब्रॅकेटही मिळतात. परदेशी कॅटलॉगात ॲल्युमिनियमचे देखणे ब्रॅकेट आहेत, हवाबंद टाकी असलेले, इंजिन दोन-अडीच फूट मागे नेणारे. टाकीमुळे मागची बाजू इंजिनाच्या वजनानं बसत नाही आणि होडीतली जागाही मोकळी राहते. त्यांच्यासोबत एक ठोकताळा सांगितला जातो: इंजिन जेवढे फूट मागे न्याल तेवढे इंच वर उचला, कारण होडीच्या तळाखालून सुटलेलं पाणी मागे वर उसळतं. हा ठोकताळा पाण्यावर घसरत धावणाऱ्या वेगवान बोटींचा आहे. आमची होडी पाणी कापत सावकाश जाते, लाटेवर मागचं टोक उचलते, आणि तेव्हा पंखा जितका खोल तितका बरा. इंजिनावर पंख्याच्या वर एक आडवी पाटी असते, ती पाण्याखाली नीट बुडालेली राहिली पाहिजे, नाहीतर पंखा वरची हवा ओढतो. वेगवान बोटीचा नियम इथं लावला असता तर इंजिन ओरडलं असतं आणि होडी जागेवरच राहिली असती. स्प्रिंगवर खाली-वर होणारे बिजागरीचे ब्रॅकेटही पाहिले. ते शिडाच्या हौशी बोटींना कधीमधी लागणाऱ्या इंजिनासाठी असतात. रोजच्या मासेमारीत त्या बिजागऱ्या झिजून खुळखुळ्या होतील, हे कुठल्याही फिटरला बघताक्षणी कळेल.

उरला तो आपणच करण्याचा ब्रॅकेट, होडीच्या मागच्या टोकाला दोन्हीकडून कवेत घेणारा. त्याचा विचार करायचा तर आधी ताकदीचा हिशेब मांडावा लागतो, आणि तो मला मनापासून आवडतो. दहा अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात ढकलतं तेव्हा त्याचा रेटा ढोबळमानानं शंभर किलोंच्या घरात जातो. हा रेटा लागतो पंख्यापाशी, पकडीच्या साधारण साठ सेंटिमीटर खाली. त्यामुळे पंखा होडीला पुढे नेत असताना ब्रॅकेटची खालची कड लाकडात दाबली जाते आणि वरची कड लाकडापासून उपटली जाते. वरच्या आणि खालच्या बोल्टांत वीस सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्यांवर तीनशे किलोंची ओढ येते. इंजिनाचं स्वतःचं वजन चाळीस किलोंच्या आसपास. ते अर्धा मीटर मागे लटकलं तर त्याची आणखी शंभर किलो ओढ, आणि तीही वरच्याच बोल्टांवर. हे झालं शांत पाण्याचं. लाटेवरून होडी खाली आदळते त्या क्षणी चाळीस किलोंचं इंजिन शंभर-सव्वाशे किलोंसारखं वागतं.

एवढी ओढ सोसायला समोर काय आहे? मामांच्या आधीपासून उभं असलेलं एक लाकूड, वरच्या टोकाला उन्हापावसानं चिरलेलं. आमच्याकडे कंपनीत एखादा भाग तुटला तर आम्ही आधी भागाला दोष देतो: जाडी कमी, वेल्ड अपुरा, पोलाद हलकं. इथं तुटलं असतं ते लाकूड, आणि लाकूड बदलून मिळणारं नव्हतं. म्हणून हिशेब उलटीकडून मांडावा लागला. होडी कुठे किती सोसू शकते ते आधी, मग लोखंडाचा आकार. मागचं लाकूड खाली, तळाच्या कण्याला मिळतं तिथं जाड आणि निरोगी होतं. खालची दाब घेणारी कड तिथं टेकवायची. वरची ओढ त्या लाकडावर द्यायचीच नाही. होडीच्या दोन्ही काठांलगत पुढे जाणारे दोन हात करायचे आणि आतल्या बरगड्या जिथे आहेत तिथे ते बोल्टांनी पकडायचे, आतून सागाच्या लांब पट्ट्या देऊन. असं केलं की ओढ बोल्टाला लाकडातून उपटत नाही, ती त्याच्यावर आडवी येते आणि पुढे दोन-तीन बरगड्यांत वाटली जाते. वरच्या आणि खालच्या टेकूंमधलं अंतरही वाढतं, त्यामुळे ओढ मुळातच कमी होते.

ब्रॅकेट किती मागे न्यायचा, हा खरा कठीण प्रश्न होता. हिशेब सांगत होता, जितका जवळ तितका बरा. पण दादानं फोनवर एक वाक्य टाकलं, "पंखो वर येवक व्हयो, नायतर वाळयेत रुततलो." होडी दोरानं वाळूवर ओढायची तर इंजिन आधी तिरकं करून वर उचलावं लागतं. उचलताना पंखा मागे-वर जातो आणि इंजिनाचं डोकं पुढे-खाली येतं. सपाट पाठीच्या बोटीत ते मोकळ्या जागेत येतं. आमच्या होडीत तिथं नेमकं वर चढलेलं टोक उभं. डोकं टोकावर आपटू नये म्हणून इंजिन मागे न्यावं, तर मागे नेलेल्या प्रत्येक इंचाची किंमत लाकूड मोजणार.

मोजमापाला मालवणला गेले तेव्हा मी पुठ्ठ्यावर इंजिनाची पूर्ण मापाची बाजू कापून नेली होती. ज्या खिळीवर इंजिन तिरकं होतं त्या जागी खिळा ठोकून पुठ्ठा फळीवर फिरता केला आणि फळी होडीच्या मागे धरून अंतरं पाहत बसलो. दादा गुडघ्यावर बसून एका डोळ्यानं बघत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग फळी माझ्या हातातून घेऊन त्यानं ती मधल्या रेषेवरून उलांडीच्या अंगाला चारेक बोटं सरकवली आणि म्हणाला, "हयसर धर." पुठ्ठा फिरवला तर इंजिनाचं डोकं टोकाच्या शेजारून खाली उतरलं, टोकाला न लागता. मागे न्यायचं अंतर एकदम घटलं.

त्यानं ती बाजू का निवडली ते मी विचारलं. दुसऱ्या अंगानं जाळं ओढतात, हे एक कारण. दुसरं असं की मामांच्या वेळी वल्ही मारताना उलांडीच्या अंगाचा माणूस नेहमी जास्त जोर लावायचा, तेव्हा होडी सरळ जायची. म्हणजे रेटा उलांडीच्या बाजूला हवा, हे होडीवर बसणाऱ्यांच्या खांद्यांना आधीपासून माहीत होतं. मी कागदावर बाणांनी काढलेलं उत्तर तेच होतं. उलांडी होडीला जिकडे वळवते, त्याच्या विरुद्ध वळवणारा थोडा रेटा मिळतो आणि हँडलवरचा जोर कमी होतो. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला. माझ्या कामात सममिती ही जवळजवळ सवय असते. डावा भाग आणि उजवा भाग आरशातल्यासारखे असले की मन निवांत होतं. एका अंगाला उलांडी असलेली होडी मात्र मुळातच एकांगी आहे, तिचा तोल त्या एकांगीपणातून येतो, आणि तिला शोभणारा ब्रॅकेटही तसाच असायला हवा होता.

होडीचं ड्रॉइंग नसतं, त्यामुळे माप फर्म्यात घ्यावं लागतं. वाळूवर कललेल्या होडीला पाणसळ लावून उपयोग नाही, ती कशाच्या सापेक्ष लावणार? नाळेपासून मागच्या टोकापर्यंत ताणलेला दोरा हीच आमची आधाररेषा. त्या दोऱ्यापासून दोन्ही अंगं मोजली तर ती एकमेकींशी जुळत नव्हती, मागच्या भागात बोटभर फरक. पातळ प्लायच्या पट्ट्या होडीच्या अंगाला लावून, पेन्सिलीनं रेघ उमटवून, कापून, पुन्हा लावून दोन फर्मे केले. एकावर 'उलांडी' लिहिलं, दुसऱ्यावर 'जाळं'. ते घेऊन मी भोसरीला आले.

भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाल्यापासून लोखंडाला आकार देण्याची प्रत्येक रीत येऊन वसलेली आहे. पुढे चाकण, म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी असा तो पट्टा उत्तरेला पसरला. इथं पत्रा लेझरनं कापून मिळतो, प्रेसवर वाकवून मिळतो, पावडर कोटिंग, प्लेटिंग, आर्गॉन वेल्डिंग, सगळं सायकलवरून जाता येईल एवढ्या अंतरात. इथं न मिळणारी गोष्ट म्हणजे एक नग. सगळी व्यवस्था हजारांत आणि लाखांत चालते. एका भागामागे किती पैसे वाचले हे आम्ही खरोखर पैशांत मोजतो. मी फर्मे टेबलावर ठेवले तेव्हा ओळखीच्या वर्कशॉपच्या मालकांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, ड्रॉइंग?" दुसरा, "एकच पीस?" सेटिंगलाच दिवस जाईल, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. मग म्हणाले, गुरुवारी करू. गुरुवार हा आमच्या पट्ट्याचा सुट्टीचा वार. त्या दिवशी मशिनं मोकळी असतात, आणि मालक स्वतः हातात ग्राइंडर धरायला मोकळे असतात.

धातूवरून बरीच चर्चा झाली. त्यांचं पहिलं मत स्टेनलेस, ३०४. ते स्वयंपाकघराला आणि दवाखान्याला ठीक, पण समुद्राच्या क्षारात त्याला बारीक खड्डे पडतात. निदान ३१६ हवं, ज्यात मॉलिब्डेनम असतं, आणि त्याची किंमत ऐकून दादानं फोन ठेवला असता. ॲल्युमिनियम हलकं, पण भोसरीत सहज मिळतं ते ६०६१ किंवा तत्सम. वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्यालगत त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. समुद्रासाठी असलेलं ५०८३ मागवता आलं असतं. अडचण वेगळीच होती. होडीत तांब्याचे खिळे आहेत. खाऱ्या पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांच्या संपर्कात आले की ॲल्युमिनियम झिजत जातं, आणि ते वरून दिसेपर्यंत आत बरंच गेलेलं असतं. साधं पोलाद गंजतं तेव्हा निदान उघड गंजतं. आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यांत मोठी होती. ॲल्युमिनियमला तडा गेला तर आर्गॉन वेल्डिंगवाला शोधत फिरावं लागतं, पोलादाला तडा गेला तर साधं वेल्डिंग मशीन गावात आहे. मोशीत बसून मी निवडलेली वस्तू मालवणला दुरुस्त होणार आहे, तर तिथल्या हातांना जे येतं तेच निवडायला हवं. सहा मिलिमीटरचं साधं पोलाद, आणि वर जस्ताचा गरम थर.

चाकणच्या प्रयोगशाळांत समुद्र एका पेटीत मिळतो. पाच टक्के मिठाचं पाणी, पस्तीस अंश तापमान, सतत फवारा. मोटारींचे भाग तिथं शेकडो तास टांगून ठेवतात आणि पहिला गंज कधी दिसतो ते नोंदवतात. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास क्षार असतात, म्हणजे पेटी कडकच म्हणायची. पण पेटीत ऊन नसतं. भिजणं, कडकडीत वाळणं, पुन्हा भिजणं नसतं, वाळूनं घासणं नसतं, ओला दोर दिवसभर एकाच कडेवर घासत राहणं नसतं. नोकरीत ती पेटी मी विश्वासानं वापरते, एका भागाची दुसऱ्याशी तुलना करायला तिच्यासारखं साधन नाही. किती वर्षं टिकेल हे मात्र तिला विचारून कळत नाही. ते किनाऱ्यावरच्या जुन्या नांगराकडे, साखळीकडे बघून कळतं, आणि तिथं मी पाहिलं की जस्ताचा जाड थर असलेल्या साखळ्या रंगवलेल्यांपेक्षा कितीतरी चांगल्या उरल्या आहेत. पावडर कोटिंग देखणं दिसतं, पण एक ओरखडा पडला की पाणी त्याच्याखालून सरकत जातं. जस्त ओरखड्याभोवती स्वतः झिजून पोलादाला काही काळ वाचवतं.

जस्ताचा थर द्यायचा म्हणजे वेल्डिंग, भोकं, घासकाम सगळं आधी उरकावं लागतं, कारण मग पूर्ण वस्तू साडेचारशे अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडते. आमच्या ब्रॅकेटच्या खालच्या आधाराला मी पाइप धरला होता. गॅल्व्हनायझिंगवाल्यांनी हातात घेताच सांगितलं, दोन्ही टोकांना भोकं पाडा. बंद पाइपात हवा किंवा ओल राहिली तर ती गरम जस्तात एका क्षणात फुगते आणि पाइप फुटतो, आजूबाजूला माणसं असतात. भोकं पडली. पुढे खारं पाणी आत शिरलं तरी त्याच भोकांतून बाहेर पडेल, हा फायदा वेगळा. जस्ताआधी लोखंड आम्लात धुतात. ते आम्ल नीट निवळून मगच सोडलं पाहिजे. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगताना मी पाहिलाय आणि त्या फेसात आमच्या पट्ट्याचा वाटा आहे. कोकणातली एक होडी वाचवताना घरची नदी आणखी बिघडवायची, हे मला चालणारं नव्हतं. म्हणून आम्ल कुठे जातं हे विचारून, प्रक्रियेची टाकी बघून, मगच काम दिलं.

वेल्डर मूळचे ओडिशाचे, पण किनाऱ्यापासून लांबच्या जिल्ह्यातले, समुद्र कधी न पाहिलेले. त्यांनी मला लाटेची उंची विचारली, मग इंजिनाचं वजन, मग जाळं कशाचं असतं. नायलॉनचं, बारीक धाग्याचं, म्हटल्यावर काही न बोलता त्यांनी ब्रॅकेटची प्रत्येक कड ग्राइंडरनं गोल केली. आतल्या बाजूच्यासुद्धा, जिथं जाळं पोहोचणं शक्य नव्हतं. फर्मा हातात धरून ते वारंवार वेल्डशी जुळवत होते. दोन अंगं सारखी नाहीत हे त्यांनी माझ्याआधी बोलून दाखवलं आणि विचारलं, हे असंच ठेवायचं ना? असंच ठेवायचं, म्हटलं. मालकांनी तयार ब्रॅकेट टेबलावर ठेवला तेव्हा तो वाकडा दिसत होता. सरळ टेबलावर तो वाकडाच दिसायला हवा.

निगडीहून सुटणाऱ्या मालवणच्या गाडीच्या डिकीत तो गोणपाटात गुंडाळून गेला. बसवण्याचं काम दादानं आणि गावच्या सुतारानं केलं, मी शनिवार-रविवार जाऊन मधे मधे लुडबुड केली. ब्रॅकेट आणि होडी यांच्या मधे सागाची पातळ फळी आणि रबराचा थर, म्हणजे तांब्याचा एकही खिळा जस्ताला लागणार नाही. मोठे वॉशर, कारण जुनं आंब्याचं लाकूड बारीक वॉशरखाली दबतं. बोल्ट एकदम पूर्ण आवळायचे नाहीत. आवळायचे, होडी पाण्यात फिरवून आणायची, लाकूड बसलं की पुन्हा आवळायचे. इंजिनाच्या पकडीचे स्क्रू थरथरीनं सैल होतात, म्हणून इंजिनाला वेगळी साखळी, होडीच्या आडव्या लाकडाला बांधलेली. हँडल टोकापलीकडे लांब राहिलं होतं, त्यावर दादानं पीव्हीसी पाइपाचा तुकडा चढवला, तो खूप जणांच्या होडीत दिसतो. तळापासून अंतर असं ठेवलं की होडी रिकामी असतानाही पंख्यावरची पाटी बुडालेली राहील.

पाण्यात पहिल्या दिवशी होडी सरळ गेली. अगदी नाही, थोडी उलांडीकडे ओढ होती, पण दोन बोटांनी हँडल धरता येईल इतकीच. परतताना मागून लाट आली, ती टोकाशी दुभंगली आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेली. इंजिनाच्या डोक्यावर तुषार उडाले, एवढंच. दादानं वाळूजवळ इंजिन वर उचललं, त्याचं डोकं टोकाच्या शेजारून खाली आलं. मला त्या क्षणी मामांची फार आठवण झाली. त्यांच्या हयातीत हे व्हायला हवं होतं असं वाटलं. त्यांना इंजिनाचा आवाज आवडला नसता, पण होडी कापली नाही हे बघून त्यांनी नक्कीच हात फिरवून ब्रॅकेट तपासला असता.

मे महिन्याच्या अखेरीला दादानं ब्रॅकेट उतरवला. बोल्टांची भोकं लाकडी खुंट्यांनी बुजवली, राळ भरली, आणि होडी झापांच्या खोपीत गेली. ब्रॅकेट गोड्या पाण्यानं धुऊन पडवीत टांगला. खालच्या कडेला, जिथं दोर घासत होता तिथं, जस्त पातळ झालंय. त्याचा फोटो त्यानं पाठवलाय. तिथं पोलादाची छोटी पट्टी वेल्ड करून, जी झिजली की बदलता येईल, काम भागेल असं मी कळवलं. गावातला वेल्डर ते करू शकतो.

नारळी पौर्णिमेआधी शेजारच्या घरातल्या दोघा भावांचा निरोप आलाय. त्यांचीही होडी दोन टोकांची आहे, दादाच्या होडीपेक्षा थोडी लांब, आणि त्यांना तसाच ब्रॅकेट हवाय. पैसे पाठवायलाही तयार आहेत. त्यांनी मागवलं तसं मी भोसरीला सांगितलं असतं तर एका गुरुवारात दुसरा नग निघाला असता, लेझरचा प्रोग्राम तयारच आहे. मी दादाला म्हटलं, आधी प्लाय आणि पेन्सिल घेऊन त्यांच्या होडीकडे जा. नाळेपासून दोरा ताण. दोन्ही अंगांचे फर्मे वेगळे कर आणि त्यांच्यावर नावं लिही. उलांडी कुठल्या अंगाला आहे तेही लिही, आणि जाळं कुठून ओढतात ते भावांना विचार. तो म्हणाला, ते तर मी कालच विचारून ठेवलंय.